परदेशी प्रयोगशाळेसोबत काम करायचंय? पैशाची वाट आधी ओळखा

मी शास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगते. इंदूरमधल्या एका शिक्षणसंस्थेच्या प्रकल्प कक्षात फाइली, नोटशीटा आणि हिशेब बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे न्यूट्रॉन कशाशी खातात हे मला विचारू नका. पण त्या न्यूट्रॉनपायी परदेशी गेलेल्या माणसाने बोर्डिंग पास हरवला तर ऑडिटला काय काय होतं, ते मी झोपेतही सांगेन. निवृत्त झाले तरी लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी तरुण प्राध्यापक येतात. चहा होतो, इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, आणि मग मूळ विषय निघतो. "मॅडम, इंटरनॅशनल कोलॅबरेशनसाठी एखादी चांगली स्कीम सांगा ना."

मी उलट विचारते, कोणासोबत? कशासाठी? बहुतेकांकडे उत्तर नसतं. ते आधी स्कीम शोधतात, मग त्या स्कीममध्ये बसेल असा परदेशी माणूस शोधतात, आणि शेवटच्या आठवड्यात दोघं मिळून विषय शोधतात. असे प्रस्ताव परीक्षकाला पहिल्या पानावरच कळतात. म्हणून खाली सगळं उलट्या क्रमाने लिहिलंय.

पैसा नेमका कोणाचा

"आंतरराष्ट्रीय निधी" नावाची एखादी मोठी तिजोरी कुठेतरी आहे आणि तिथून दोन्ही देशांच्या लोकांना पैसे मिळतात, असा समज असतो. तशी तिजोरी फार क्वचित असते. बहुतेक वेळा दोन देशांची दोन स्वतंत्र खाती असतात. भारताच्या बाजूचा खर्च विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, म्हणजे आपला डीएसटी, किंवा जैवतंत्रज्ञान विभाग, म्हणजे डीबीटी, करतो. तिकडच्या माणसाचा खर्च त्याच्या देशाची संस्था करते. बँकेच्या लॉकरसारखं आहे हे, दोन्ही चाव्या लागल्याशिवाय उघडत नाही. तुमचा प्रस्ताव इकडे अव्वल ठरला आणि तिकडे नापास झाला, तर तुम्हालाही काही मिळत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तिकडचा माणूस त्याच्या देशाच्या नियमांत बसतो का, हे तुम्हालाच आधी विचारावं लागतं. त्याची नोकरी कायम आहे की कंत्राटी, प्रकल्पाच्या शेवटापर्यंत तो तिथे राहणार का, त्याच्या विद्यापीठाला अर्ज करता येतो का. हे विचारायला लोक लाजतात. लाजू नका, तिकडचे लोक असले प्रश्न सरळ घेतात. दोन, बऱ्याच योजनांत एकच मजकूर दोन्हीकडे, दोन वेगळ्या पोर्टलवर, भरावा लागतो. शीर्षक, उद्दिष्टं, महिन्यांची आखणी हे शब्दशः एकसारखं हवं. इकडे तीन उद्दिष्टं आणि तिकडे चार, अशा फाइली मी पाहिल्या आहेत. शास्त्र कितीही उत्तम असो, त्या छाननीतच अडकतात.

आधी माणूस

माणूस शोधायची सगळ्यात स्वस्त युक्ती पेपरच्या शेवटी असते. तुमच्या विषयातले अलीकडचे असे पेपर काढा ज्यांत भारतीय आणि परदेशी लेखक एकत्र आहेत. निष्कर्ष राहू द्या, थेट आभाराचा परिच्छेद वाचा. कोणत्या योजनेतून, कोणत्या क्रमांकाखाली पैसा आला हे तिथे छापलेलं असतं, कारण तसं छापण्याची अटच असते. एका संध्याकाळी बसलात तर तुमच्या विषयाला खरोखर पैसा देणाऱ्या योजनांची यादी तयार होते. कुठल्याही सेमिनारमधल्या स्लाइडपेक्षा ती भरवशाची.

दुसरी युक्ती: ज्याच्याकडे सध्या चालू अनुदान आहे असा माणूस शोधा. त्याच्याकडे यंत्र चालू असतं, विद्यार्थी असतात, आणि तुम्हाला महिनाभर ठेवून घ्यायची ऐपत असते. हे फुकट बघता येतं. युरोपीय संघाचे प्रकल्प कॉर्डिस या माहितीसाठ्यात आहेत, जर्मनीच्या डीएफजी या संशोधन-निधी संस्थेचे गेप्रिसमध्ये, ब्रिटनचे गेटवे टू रिसर्चमध्ये, जपानचे काकेनमध्ये, अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेचे रिपोर्टरमध्ये. विषयाचे दोन-तीन शब्द टाकले की नाव, संस्था आणि मुदत समोर येते. ज्याचा प्रकल्प पुढच्या सहा महिन्यांत संपतोय तोही कामाचा, कारण तो स्वतःच नव्या पैशाच्या शोधात असतो.

मग ईमेल. इथे मात्र माझं मत जरा कडक आहे. "रिस्पेक्टेड सर, मी अमुक महाविद्यालयात सहायक प्राध्यापक असून आपल्या महान कार्याने प्रभावित झालो आहे" अशी सुरुवात झाली की ते पत्र गेलं. लोक मला मसुदे दाखवतात तेव्हा मी वरचा अर्धा भाग खोडून टाकते. त्यातल्या त्यात चांगला वाटलेला एक मसुदा मराठीत सांगायचा तर असा होता: "तुमच्या पेपरातल्या तिसऱ्या आकृतीत १५० केल्विनच्या आसपास जो बदल दिसतो, तो आमच्या नमुन्यात १७० ला दिसतो. नमुने आम्ही स्वतः बनवतो. मोजमापाचं एक पान सोबत जोडलं आहे. याहून कमी तापमानाची सोय आमच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. पुढच्या दोन आठवड्यांत वीस मिनिटं बोलता येईल का?" बस. यात पैशाचा शब्द नाही, स्तुती नाही, आणि आपल्याकडे काय आहे नि काय नाही हे दोन ओळींत आलंय. उत्तर आलं तर पुढे, नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकच आठवण, आणि मग पुढचं नाव.

आपल्याकडे काय आहे, हे सांगताना लोक कमी पडतात. बाहेरच्या माणसाला आपल्याशी जोडून घ्यायला काहीतरी कारण लागतं. माळव्याची काळी माती, नर्मदेच्या खोऱ्यातले जीवाश्म, भिल्ल-भिलाल्यांच्या वस्त्यांतले सिकलसेलचे रुग्ण, सोयाबीनचे वाण (राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था इंदूरलाच आहे), किंवा नुसतं तुमच्या हातचं नमुना बनवण्याचं कौशल्य. "आम्हाला तुमचं यंत्र वापरू द्या" एवढंच असेल तर त्याला सहकार्य म्हणत नाहीत.

योजना

सगळ्या योजनांची यादी द्यायला बसले तर हे लिखाण संपणार नाही, आणि निम्म्या कॉलच्या, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातींच्या, तारखा दर वर्षी बदलतात. कोणती कशासाठी, तेवढं सांगते.

येण्याजाण्याचा पैसा सगळ्यात सोपा, आणि लोक त्यालाच नाक मुरडतात. डीएसटीचे बऱ्याच देशांशी द्विपक्षीय करार आहेत: जपानच्या जेएसपीएस आणि जर्मनीच्या डाड या संस्थांसोबत, आणखीही. बऱ्याच करारांत पाठवणारा देश विमानाचं तिकीट देतो आणि बोलावणारा देश राहण्याखाण्याचं बघतो. यंत्र मिळत नाही, बहुधा जेआरएफही, म्हणजे कनिष्ठ संशोधक ठेवायचा पैसाही, मिळत नाही. "एवढ्याशा पैशात काय होतं?" असं म्हणतात. होतं असं की दोन्ही बाजूंचे विद्यार्थी एकमेकांच्या प्रयोगशाळेत राहून येतात, एक-दोन पेपर निघतात, आणि पुढच्या मोठ्या प्रस्तावात "आम्ही आधीपासून एकत्र काम करतो" हे लिहायला पुरावा मिळतो. मोठ्या मंजुऱ्या ज्यांच्या पदरात पडल्या, त्यांच्या जुन्या फाइलीत असं एखादं छोटं प्रकरण मला हमखास दिसायचं. तरुणांनी इथूनच सुरू करावं. नुसत्या परिषदेला जायचं असेल तर एएनआरएफची, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानची, प्रवास साहाय्य योजना वेगळी आहे. एसईआरबी या जुन्या निधी संस्थेचं नाव शोधत बसू नका, २०२३ च्या कायद्याने ती एएनआरएफमध्ये विलीन झाली.

कामाचा पैसा, म्हणजे माणसं, रसायनं, यंत्रं. फ्रान्ससाठी सेफिप्रा. १९८७ पासूनची संस्था, दोन्ही सरकारांच्या पैशावर चालते, कार्यालय दिल्लीत. प्रस्ताव भारतीय आणि फ्रेंच प्रमुखाने मिळूनच द्यायचा. मूलभूत विज्ञानवाल्यांना ही चांगली. जर्मनीसाठी आयजीएसटीसी, २०१० ची, गुरुग्रामची. तिची 'टू प्लस टू' योजना नाव सांगते तशीच आहे: प्रत्येक देशाची एक संशोधन संस्था आणि एक उद्योग. इथे इंदूरकर उगाच मुंबई-पुण्याच्या कंपन्यांमागे धावतात. शेजारची पीथमपूरची औद्योगिक वसाहत काय परदेशात आहे? वाहनांचे सुटे भाग, औषधं, यंत्रसामग्री, सगळं तिथे बनतं. एखाद्या मध्यम कारखान्याच्या प्लांट हेडशी बोलून बघा, त्याला खरोखरची अडचण असते आणि त्याने लिहून दिलेलं पत्रही खरंखुरं वाटतं. ऑस्ट्रेलियासोबत २००६ पासूनचा संयुक्त संशोधन निधी आहे. शिक्षण मंत्रालयाची स्पार्क योजना २०१८ ची, आयआयटी खरगपूर तिचं समन्वयन करते; तिला संस्थेच्या रँकिंगची अट असते, म्हणून अर्ज लिहायच्या आधी आपली संस्था यादीत बसते का तेवढं बघा.

जीवशास्त्रवाल्यांना मी ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामचं नाव मुद्दाम सांगते, कारण इकडे फार थोड्यांना माहीत असतो. मुख्यालय स्ट्रासबर्गला, भारत सदस्य आहे. वेगवेगळ्या देशांतल्या दोन ते चार जणांचा गट लागतो, आधी छोटं हेतुपत्र द्यायचं, आवडलं तर पूर्ण प्रस्तावाचं बोलावणं येतं. इथे आधीचा डेटा मागत नाहीत, उलट ज्यांनी पूर्वी एकत्र काम केलेलं नाही अशा माणसांना पसंती. वर जे छोट्या प्रकरणापासून सुरू करा म्हटलं, त्याला हा सरळ अपवाद. ही ती खरोखरची एक तिजोरी. स्पर्धा मात्र भयंकर.

माणसाला मिळणारा पैसा, म्हणजे फेलोशिप. फुलब्राइट-नेहरू सगळ्यांना माहीत आहे. जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानला वर्षभर केव्हाही अर्ज करता येतो, देशानुसार किंवा विषयानुसार कोटा नाही. आणि एकदा तुम्ही हुम्बोल्टियन झालात की आयुष्यभर पुढची दारं उघडी राहतात, म्हणून मी तिला खरी गुंतवणूक म्हणते. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना फ्रान्सला काही महिने पाठवायचं असेल तर रामन-शार्पाक. उलट बाजूने, परदेशी प्राध्यापकाला इंदूरला आणून कोर्स करवायचा असेल तर ज्ञान योजना. २०१५ मध्ये ती आली तेव्हा १२ ते १४ तासांच्या कोर्सला ८,००० डॉलरपर्यंत आणि २० ते २८ तासांना १२,००० डॉलरपर्यंत असा हिशेब होता. आठवडाभर माणूस तुमच्या विभागात असतो, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत नेता येतं, आणि प्रस्तावाचं अर्धं बोलणं तिथेच होतं. आमच्याकडे एक बाई दहा दिवसांत पोह्यांवर जिरावण मसाला जास्त मागायला शिकल्या होत्या.

आता होरायझन युरोप, म्हणजे युरोपीय संघाचा संशोधन निधी कार्यक्रम. आकडा ऐकून सगळ्यांचे डोळे विस्फारतात: २०२१ ते २०२७ साठी सुरुवातीला साडेपंच्याण्णव अब्ज युरो ठरले होते. यातलं भारतीय संस्थेला आपोआप काही मिळत नाही. २०१४ पासून, म्हणजे आधीच्या होरायझन २०२० कार्यक्रमाच्या वेळेपासून, भारत आपोआप निधी मिळणाऱ्या देशांच्या यादीत नाही. गटात सामील होता येतं, पण आपला खर्च आपण आणायचा, किंवा एखाद्या कॉलसाठी डीएसटी वा डीबीटीने सहनिधी जाहीर केला असेल तर तिथून. त्यामुळे "आम्हाला होरायझनमध्ये पार्टनर व्हायचंय" असं कोणी म्हणालं की मी विचारते, तुमच्या वाट्याचा पैसा कोण देणार?

माणसांचं मात्र वेगळं. त्याच होरायझनमधल्या मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपच्या युरोपीय प्रकाराला राष्ट्रीयत्वाची अट नाही. पीएचडीनंतर साधारण आठ वर्षांच्या आत, आणि ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नको. अर्ज सप्टेंबरात बंद होतो, ब्रसेल्सच्या संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला. विद्यार्थी पाठवायचा असेल तर मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा बघा, युरॅक्सेसच्या पोर्टलवर निघत राहतात.

अमेरिकेबद्दल सध्या जपून. तिथल्या सरकारी पैशातून उप-अनुदान घ्यायचं तर संस्थेचा सॅम या तिथल्या सरकारी पोर्टलवरून घेतलेला यूईआय हा ओळख क्रमांक लागतो, आणि २०२५ मध्ये एनआयएचने परदेशी उप-अनुदानांची पद्धतच बदलायला घेतली. तिकडच्या भागीदाराला त्याच्या ग्रँट्स ऑफिसकडून लेखी खात्री आणायला सांगा, त्याच्या तोंडी उत्साहावर जाऊ नका.

इंदूरकरांच्या हाताशी असलेली गोष्ट

पैसा नेहमी रुपयांतच येतो असं नाही. जगातल्या मोठ्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रांवर, प्रयोगाचा वेळ मिळणं, म्हणजे बीमटाइम, हेही अनुदानच आहे, आणि निकाल प्रसिद्ध करणाऱ्या शैक्षणिक संशोधनाला तो साधारणपणे फुकट मिळतो. भारताने हॅम्बुर्गच्या डेझीमध्ये, इटलीत त्रिएस्तच्या एलेत्रामध्ये आणि जपानमध्ये त्सुकुबाच्या फोटॉन फॅक्टरीत गुंतवणूक करून आपल्या लोकांसाठी वेळ राखला. एक-दोन पानांचा प्रयोगाचा प्रस्ताव द्यायचा, तो परीक्षकांकडे जातो. मंजूर झाल्यास प्रवासाचीही सोय असू शकते, ते त्या-त्या कॉलमध्ये लिहिलेलं असतं.

आणि इंदूरच्या माणसाला यासाठी दिल्लीही गाठायची गरज नाही. इथल्याच राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे, २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात यूजीसी आणि अणुऊर्जा विभाग (डीएई) यांचं संयुक्त कन्सोर्टियम आहे, त्याचा जन्मच विद्यापीठातल्या लोकांना अशा सोयी मिळाव्यात म्हणून झाला. तिथे विद्यापीठ-महाविद्यालयातल्या प्राध्यापकांसाठी सहकार्य योजना निघते. आधी इंडस-२ वर मोजमाप करा, काय दिसतं आणि काय दिसत नाही ते कळू द्या, मग "आम्हाला यापुढे याहून तेज किरण लागतात, कारण हे बघा" असं म्हणत हॅम्बुर्गला अर्ज करा. परीक्षकाला तुम्ही बीमलाइनवर, म्हणजे किरण येतात त्या प्रयोगाच्या जागी, रात्र काढलेली आहे हे कळतं. बीमलाइनवर शेजारच्या पाळीला कोणीतरी परदेशी असतोच, ओळखी तिथेच होतात.

सिमरोलच्या आयआयटीतले लोक सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या अ‍ॅलिस प्रयोगात आहेत. अशा मोठ्या प्रयोगात नव्या छोट्या कॉलेजने स्वतंत्रपणे शिरणं अवघड. आधीच आत असलेल्या संस्थेचा हात धरूनच जावं.

बजेट

इथे मी जरा जास्त बोलणार, कारण हेच माझं क्षेत्र.

जुन्या प्रस्तावाचा तक्ता उचलून आकडे बदलायची सवय सोडा. त्यात तीन-चार ठिकाणी हमखास फसतात. संशोधन उपकरणांवर पाच टक्के जीएसटीची सवलत होती, ती जुलै २०२२ मध्ये गेली. आता बहुतेक उपकरणांवर १८ टक्के धरा. पंचवीस लाखांच्या यंत्रावर फरक सव्वातीन लाखांचा पडतो, तो नंतर कुठून आणणार? जेआरएफचे दर जून २०२३ मध्ये बदलले, महिना ३७,००० आणि एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ संशोधकाला, ४२,०००, वर घरभाडं. घरभाडं शहराच्या श्रेणीप्रमाणे. इंदूर वाय श्रेणीत येतं. दिल्लीतल्या मित्राचा तक्ता उचललात तर एक्स श्रेणीचा दर तसाच राहतो, आणि छाननी करणाऱ्याला एवढं दिसलं की तो बाकीचाही तक्ता भिंगातून बघतो.

प्रवासात लोक फक्त दिल्ली-फ्रँकफर्ट धरतात. इंदूर-दिल्ली कोण देणार? व्हिसाच्या भेटीसाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं तर ते? शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, वर केंद्रचालकाचं शुल्क, वर किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा. हे सगळं छोटं वाटतं, पण कंटिंजन्सीतून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेतून, गेलं की वर्षअखेरीला झेरॉक्सलाही पैसे उरत नाहीत. तिकिटाचं तर विशेष. सरकारी पैशाचा विमानप्रवास ठरलेल्या तीन अधिकृत एजंटांकडूनच करायचा असतो: बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी. मुलाने घरबसल्या अ‍ॅपवर चार हजारांनी स्वस्त तिकीट काढलं म्हणून कौतुक होत नाही, आक्षेप निघतो. तुमच्या मंजुरीपत्रात काय लिहिलंय ते आधी वाचा आणि मगच बुक करा.

परदेशी चलनात खर्च असेल तर आजच्या दराने गणित मांडू नका. प्रस्ताव आणि पैसा यांत वर्षभर सहज जातं. आणि संस्थेचा ओव्हरहेड, म्हणजे संस्थेला द्यायचा वरखर्चाचा वाटा, विसरू नका. आपल्या वित्त अधिकाऱ्याला प्रस्तावाच्या आधी भेटा, नंतर नाही. शेवटच्या दिवशी सहीला गेलेल्या प्राध्यापकाला रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकावर बसलेलं बघून मला कधीच कीव आली नाही.

सामंजस्य करार हवाच का, असं विचारतात. बहुतेक कॉलला दोन्ही संस्थांची समर्थनपत्रं पुरतात. एमओयूची फाइल कार्यकारिणीपर्यंत जाऊन येईतो कॉल संपतो. पैसा मंजूर झाल्यावर करार करा, आणि त्यात डेटा कोणाचा, पेटंट कोणाचं, लेखकांचा क्रम कसा, हे लिहून घ्या.

खासगी कॉलेजवाल्यांसाठी

ट्रस्ट किंवा सोसायटीच्या कॉलेजात असाल तर हा भाग दोनदा वाचा. परदेशी संस्थेचा पैसा थेट तुमच्या खात्यात येणार असेल तर २०१० चा परदेशी योगदान कायदा, म्हणजे एफसीआरए, लागू होतो. संस्थेची नोंदणी हवी, किंवा त्या प्रकल्पापुरती पूर्वपरवानगी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेला पुढे वाटता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के. कायद्याने स्थापन झालेली आणि कॅगकडून सक्तीने ऑडिट होणारी विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. म्हणूनच विद्यापीठातल्या मित्राचा अनुभव ऐकून तुम्ही निश्चिंत होऊ नका. एका खासगी कॉलेजला युरोपातून छान अनुदान मंजूर झालं होतं, अभिनंदनाचा फ्लेक्ससुद्धा लागला. नोंदणी नव्हती. परवानगीच्या कागदांत वेळ गेला आणि तिकडच्यांनी तो हिस्सा दुसऱ्या देशात वळवला.

यावरची सोपी वाट म्हणजे द्विपक्षीय योजना. तिथे तुमच्या बाजूचा पैसा भारत सरकारचा, म्हणून हा प्रश्नच उभा राहत नाही. खासगी संस्थांना मी म्हणूनच डीएसटीच्या कॉलवर नजर ठेवायला सांगते, किंवा एखाद्या विद्यापीठासोबत सहप्रमुख म्हणून जायला.

परवानग्या

माणसांचे नमुने, रुग्णांची माहिती किंवा आरोग्याशी संबंध असलेला परदेशी सहभागाचा प्रकल्प आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जातो, तिचं काम आयसीएमआर बघते. संस्थेच्या एथिक्स समितीची मंजुरी वेगळी. वनस्पती, बुरशी, जिवाणू, माती बाहेर पाठवायची तर २००२ चा जैवविविधता कायदा आणि चेन्नईचं राष्ट्रीय प्राधिकरण. पातळकोटच्या जंगलातली औषधी मुळं पिशवीत भरून विमानात नेण्याचा विचारसुद्धा करू नका, तिथे चूक झाली तर प्रकरण पैशापुरतं राहत नाही. परदेशी पाहुणा काम करायला येणार असेल तर त्याला पर्यटक व्हिसावर बोलावू नका. हे सगळं प्रस्ताव पाठवतानाच समांतर सुरू करायचं. मंजुरी आल्यावर सुरू केलं तर प्रकल्पाचं पहिलं वर्ष कागदातच जातं.

पैसा आल्यावर

मंजुरीपत्र आलं की लोक पेढे वाटतात. मी त्याची झेरॉक्स काढून प्रत्येक अटीखाली पेन्सिलने रेघ मारायला सांगते. कोणत्या हेडमधून, म्हणजे खर्चाच्या सदरातून, कोणत्या हेडमध्ये पैसे वळवता येतात आणि कोणाच्या परवानगीने, ते तिथेच असतं. प्रवासाचा पैसा उरला म्हणून त्यातून लॅपटॉप घेता येत नाही.

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, जीएफआर १२-ए या नमुन्यात द्यायचं, सोबत खर्चाचं विवरण. यूसी गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही, आणि परदेशी भागीदार तुमच्या हप्त्याची वाट बघत थांबत नाही; त्याच्या बाजूचं घड्याळ चालूच असतं. मार्चमध्ये सगळेच यूसीसाठी सनदी लेखापालाकडे रांग लावतात, म्हणून फेब्रुवारीतच कच्चा हिशेब काढून ठेवा. अनुदानावर खात्यात व्याज जमा झालं असेल तर ते तुमचं नाही, भारतकोश या सरकारी पोर्टलवरून सरकारला परत करून पावती यूसीला जोडायची. ही एक पावती नसल्यामुळे अडकलेल्या फाइली मी अशा मोठमोठ्या लोकांच्या पाहिल्या आहेत की नावं सांगितली तर तुमचा विश्वास बसणार नाही. बोर्डिंग पासचा फोटो विमानात बसण्याआधीच काढा आणि त्याच दिवशी प्रकल्प कक्षात पाठवा. मूळ कागद वेगळ्या पाकिटात, पाकिटावर प्रवासाची तारीख आणि मंजुरीपत्राचा क्रमांक.